पाच दिवे एकाच वेळी: युद्धकाळात विद्यापीठ ऑनलाइन कसं चालतं

ऑनलाइन तास सुरू व्हायला काय काय लागतं? शिक्षकाकडे वीज, शिक्षकाकडे इंटरनेट, मधे कुठेतरी चालू असलेला सर्व्हर, विद्यार्थ्याकडे वीज आणि विद्यार्थ्याकडे इंटरनेट. अशा पाच गोष्टी. एरवी त्यांच्याकडे आपलं लक्षही जात नाही.

आता समजा, यातली प्रत्येक गोष्ट दिवसातला 80 टक्के वेळ चालू असते. ऐकायला बरं वाटतं. पण पाचही गोष्टी एकाच क्षणी चालू असण्याची शक्यता काढायची, तर 0.8 ला 0.8 ने असं पाच वेळा गुणावं लागतं, आणि हाती उरतात जेमतेम 33 टक्के. म्हणजे ठरलेल्या तीन तासांपैकी दोन होणारच नाहीत, आणि त्यात चूक कोणाचीच नसेल. हा हिशेब एका विद्यार्थ्याचा झाला. वर्गात तीसजण असतील तर सगळे एकत्र भेटण्याचा विचारच सोडा.

हाच विषय शिक्षकाने स्वतःकडे लाइट असताना रेकॉर्ड करून चढवून ठेवला तर? विद्यार्थ्याला आता तीनच गोष्टी एकत्र लागतात: सर्व्हर, त्याची वीज, त्याचं इंटरनेट. शक्यता झाली 51 टक्के. शिवाय त्याला कुठल्या ठरावीक वेळेचं बंधन नाही. दिवसातून चार वेगवेगळ्या वेळी त्याने प्रयत्न केला, तर एकदा तरी जमण्याची शक्यता 94 टक्क्यांवर जाते. (प्रत्यक्षात वीज आणि इंटरनेट बहुतेकदा बरोबरच जातात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मुद्दा तोच राहतो.)

युद्धकाळातल्या डिजिटल शिक्षणाबद्दल बोलताना लोक आधी ॲपची नावं घेतात. मला वाटतं, सुरुवात या गुणाकारापासून करायला हवी. कुठलंही साधन चांगलं की वाईट, याची कसोटी इथे एकच: त्याला एकाच वेळी किती दिवे पेटते लागतात?

आधीची दोन वर्षं

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केलं. देशभरातले वर्ग साधारण दोन आठवडे थांबले आणि मार्चच्या मध्यापासून बऱ्याच विद्यापीठांत पुन्हा सुरू झाले, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. इतक्या लवकर हे कसं जमलं? एक कारण म्हणजे कोविड. मार्च 2020 पासून युक्रेनची विद्यापीठं घरातून शिकवत होती. बऱ्याच ठिकाणी मूडल बसवलेलं होतं. मूडल म्हणजे अभ्यासक्रम, स्वाध्याय, चाचण्या आणि गुण एका जागी ठेवणारी मुक्त स्रोत प्रणाली. ती 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झाली. फुकट असल्यामुळे ती कुणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं. शिक्षकांना ती वापरायची सवय झाली होती आणि विद्यार्थ्यांकडे पासवर्ड होते.

दुसरं कारण जुनं आणि जास्त कडू आहे. 2014 मध्ये पूर्व युक्रेनमधलं दोनेत्स्क शहर रशियाच्या पाठबळावरच्या फुटीरतावाद्यांच्या हाती गेलं तेव्हा तिथलं राष्ट्रीय विद्यापीठ शेकडो किलोमीटर पश्चिमेला विनित्सियाला हलवावं लागलं. लुहान्स्कचं विद्यापीठ तेव्हा स्तारोबिल्स्कला गेलं आणि 2022 मध्ये तिथूनही उठून पोल्ताव्हाला गेलं. मारियुपोल राज्य विद्यापीठ कीव्हला आलं, खेर्सोन राज्य विद्यापीठ इव्हानो-फ्रांकीव्स्कला. विद्यापीठ हलतं तेव्हा नेमकं काय हलतं? इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय मागेच राहतं. हलतात ती माणसं, मान्यता, संकेतस्थळाचं नाव आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी. 2014 मध्ये ज्यांच्या नोंदी कागदावर किंवा तळघरातल्या एकाच सर्व्हरवर होत्या, त्यांना त्या पुन्हा जुळवाव्या लागल्या. 2022 पर्यंत निदान प्रवेश, पदव्या आणि गुणपत्रिका यांची एक राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक नोंदवही तयार होती, आणि विद्यार्थ्याचं ओळखपत्र ‘दिया’ या सरकारी ॲपमध्ये मोबाइलवर दाखवता येत होतं. एक पिशवी घेऊन सीमेपार गेलेल्या मुलीला ‘मी तिसऱ्या वर्षाला आहे’ हे सिद्ध करता येणं, हेही डिजिटल शिक्षणाचंच साधन आहे. त्यात धडा एकही नसला तरी.

सर्व्हर कुठे ठेवायचा?

2 मार्च 2022 ला खार्कीव्हमध्ये झालेल्या हल्ल्यात तिथल्या दोनशे वर्षांहून जुन्या कराझिन विद्यापीठाची एक इमारत पेटली. अशा इमारतीच्या एखाद्या खोलीत सर्व्हर असतो. त्यावर मूडल, त्यावर सगळे अभ्यासक्रम, त्यावरच ईमेल आणि बऱ्याचदा त्याचा बॅकअपसुद्धा, शेजारच्याच कपाटात.

क्लाउड म्हणजे सोप्या शब्दांत दुसऱ्याचा संगणक, दुसऱ्या गावात. युद्धात त्यातलं ‘दुसऱ्या गावात’ हेच महत्त्वाचं ठरतं. पण तिथे डेटा पाठवण्याआधी एक कायदेशीर अडचण होती. सरकारी डेटा देशातच ठेवावा, असे नियम युक्रेनमध्ये होते. एरवी ते शहाणपणाचेच. तिथल्या संसदेने डेटा क्लाउडमध्ये ठेवायची वाट मोकळी करणारा क्लाउड सेवांचा कायदा मंजूर केला तो 17 फेब्रुवारी 2022 ला, आक्रमणाच्या बरोबर सात दिवस आधी.

मग प्रश्न आला नेण्याचा. इथे पुन्हा थोडं गणित करू. 80 टेराबाइट डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायचा झाला, तर लाइन एकदाही न तुटता 74 दिवस लागतील. म्हणून ॲमेझॉनने स्नोबॉल नावाच्या, सूटकेसएवढ्या मजबूत पेट्या पाठवल्या. एका पेटीत साधारण तेवढाच डेटा मावतो. डेटा भरायचा, पेटीला कुलूप आणि आत कूटलेखन, आणि ती पेटी सरळ सीमेपलीकडे न्यायची. कंपनीने नंतर जाहीर केलं त्यानुसार 27 मंत्रालयांबरोबर 18 विद्यापीठांचा डेटाही असा देशाबाहेर सुरक्षित ठेवला गेला. इंटरनेटच्या जमान्यात सर्वांत वेगवान नेटवर्क पुन्हा एकदा ट्रक आणि विमान ठरलं, याची मला गंमत वाटते.

पण सगळ्यांच्या दारात अशी पेटी येत नाही. लहान संग्रहालयं, अभिलेखागारं, विभागांची जुनी संकेतस्थळं, एखाद्या प्राध्यापकाने वीस वर्षं जमवलेलं पान, यांचं काय? 1 मार्च 2022 ला ‘सुचो’ नावाची मोहीम सुरू झाली. स्टॅनफर्ड, टफ्ट्स आणि व्हिएन्ना इथल्या तिघा अभ्यासकांनी ती उभी केली आणि काही आठवड्यांत 1,300 हून अधिक स्वयंसेवक त्यात आले. त्यांचं काम एवढंच: युक्रेनमधली सांस्कृतिक आणि अभ्यासाची संकेतस्थळं बंद पडायच्या आत त्यांची पूर्ण प्रत काढून ठेवायची. त्यातले सेबास्टियन मायस्टोरोविच यांनी खार्कीव्हच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरचा 100 गिगाबाइटहून अधिक ऐवज उतरवून घेतला आणि त्यानंतर थोड्याच तासांत ते संकेतस्थळ बंद पडलं.

1992 च्या ऑगस्टमध्ये सारायेव्होचं राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळालं तेव्हा अशी प्रत काढायला वाव नव्हता. लाखो पुस्तकांची राख झाली आणि त्यातल्या कित्येकांची दुसरी प्रत जगात नव्हती. डिजिटल वस्तूही तितकीच सहज जळते. फरक इतकाच की तिची दुसरी प्रत काढणं जवळजवळ फुकट असतं, आणि ती आगीच्या आधी काढायची असते. संगणकवाले यासाठी ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. यात मी एक चौथी अट घालेन. पासवर्ड किमान दोन माणसांना माहीत असावा. सर्व्हर सांभाळणारा एकटाच माणूस आघाडीवर गेला, किंवा त्याचं गाव शत्रूच्या ताब्यात गेलं, की क्लाउडमधली प्रतसुद्धा कुलूपबंदच राहते.

लाइट जाते तेव्हा

10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने युक्रेनच्या वीजकेंद्रांवर आणि उपकेंद्रांवर पद्धतशीर हल्ले सुरू केले. भारनियमन आलं. शहरांचे गट पाडले, आणि आळीपाळीने काही तास वीज, काही तास अंधार असं वेळापत्रक लागलं. शिक्षक एका गटात, विद्यार्थी दुसऱ्या गटात, म्हणजे दोघांकडे एकाच वेळी वीज असण्याचे तास आणखी कमी. 23 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर तर वेळापत्रकालाही अर्थ उरला नाही. त्याच सुमारास सरकारने गावोगावी ‘अजिंक्यता केंद्रं’ उघडली: तंबूत किंवा शाळेत ऊब, चहा, चार्जिंग आणि इंटरनेट. विद्यार्थी तिथे फोन चार्ज करता करता स्वाध्याय चढवत.

यात एक तांत्रिक गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीच्या इंटरनेटमध्ये इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर एक विजेवर चालणारा स्विच असतो. इमारतीची वीज गेली की तो बंद, मग तुमच्या घरात बॅटरी असली तरी उपयोग नाही. जीपॉन नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत काचेची तार येते आणि वाटेत जिथे फाटे फुटतात तिथे विजेची गरजच नसते. प्रकाश काचेतून नुसता वाटला जातो. म्हणजे वीज हवी ती फक्त दोन टोकांना. केंद्रात जनरेटर आणि घरात राउटर चालवण्याइतकी बॅटरी असली की झालं. राउटर साधारण 10 वॅट खातो. 20,000 एमएएचची पॉवर बँक नुकसान वजा जाता त्याला सहा तास चालवते. त्यासाठी पाच व्होल्टचे बारा करणारी एक छोटी केबल लागते. अंधाराच्या त्या हिवाळ्यात युक्रेनमध्ये अशा केबलींना आणि जीपॉन जोडण्यांना मोठी मागणी आली. शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेत या केबलीवर कुणी निबंध वाचणार नाही, पण कित्येक पदव्या तिच्यावर तरल्या असतील.

मोबाइल नेटवर्क हा दुसरा आधार, पण टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत संपतात. शिवाय 12 डिसेंबर 2023 ला कीव्हस्टार या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीवर सायबर हल्ला झाला. सुमारे 2 कोटी 40 लाख ग्राहकांचा फोन एकदम मुका झाला आणि सेवा पूर्ववत व्हायला कित्येक दिवस गेले. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असणं ही चैन राहिली नाही.

धडा किती जड आहे?

पुढची गोष्ट शिक्षकाच्या हातातली आहे. तासाभराचं बऱ्यापैकी स्पष्ट चित्रीकरण साधारण 900 मेगाबाइट होतं. तेच व्याख्यान फक्त आवाजात, बोलणं नीट कळेल इतक्या दर्जाने साठवलं, तर 14-15 मेगाबाइट. त्याच्या सोबतच्या स्लाइडची पीडीएफ दोनेक मेगाबाइट आणि व्याख्यानाचा लिखित मजकूर त्याहूनही खूप कमी. ज्या मुलाला दिवसातून वीस मिनिटं कमजोर रेंज मिळते, त्याला 900 मेगाबाइटची फाइल म्हणजे नकारच. आवाज आणि पीडीएफ मात्र तेवढ्यात सहज उतरते, आणि मग अंधारात, तळघरात, कानात इअरफोन घालून ऐकता येते.

म्हणून युद्धातलं चांगलं साहित्य दिसायला गरीब असतं. ते उतरवून घेता येतं. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये अभ्यासक्रम आधी डाउनलोड करून ठेवता येतो, उत्तरं ऑफलाइन लिहिता येतात, आणि पुन्हा रेंज आली की ती आपोआप वर जातात. किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीत अख्खा विकिपीडिया एका मेमरी कार्डावर मावतो. उलट ज्या व्यासपीठावर दर दोन मिनिटांनी सर्व्हरला ‘मी आहे’ सांगावं लागतं, किंवा ज्या परीक्षेत कॅमेरा सतत चालू लागतो, ते शांततेतही त्रासाचं आणि युद्धात निरुपयोगी.

2022 च्या वसंतात उझहोरोदच्या विद्यापीठातले प्राध्यापक फेदिर शांदोर सैन्यात भरती झाले आणि खंदकातून मोबाइलवर विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तो फोटो जगभर फिरला. पुढे ते हंगेरीत युक्रेनचे राजदूत झाले. त्यांच्याबद्दल आदर वाटतोच. तरी एक सांगायला हवं. जी व्यवस्था चालायला खंदकातला माणूस ठरल्या वेळी थेट हजर असावा लागतो, ती त्या माणसाच्या हिमतीवर चालते, रचनेवर नाही.

ग्रंथालयाचं अदृश्य दार

विद्यापीठाने विकत घेतलेली ई-पुस्तकं आणि संशोधनपत्रिका बहुतेकदा इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळख पटवतात. तुम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या नेटवर्कवर असाल तर दार उघडं, बाहेर असाल तर बंद. घरून वाचायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे आवारातल्या एका यंत्रामार्फत जायचं. आता ते आवारच अंधारात असेल, किंवा रणगाड्यांच्या पलीकडे? पैसे भरलेलं ग्रंथालय शाबूत आहे, पुस्तकं परदेशातल्या सर्व्हरवर सुखरूप आहेत, फक्त दारवान नाही. यावर उपाय म्हणजे ओळख जागेला न देता माणसाला देणं: विद्यार्थ्याचं एकच खातं, तो कुठेही असो. अनेक प्रकाशकांनी त्या काळात युक्रेनसाठी आपलं साहित्य खुलंही केलं.

कोर्सेरा, एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या परदेशी व्यासपीठांनी युक्रेनच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम फुकट दिले. मदत मोलाचीच, पण तिला दोन मर्यादा होत्या. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत होते, आणि फुकटचा परवाना कधीतरी संपतो. प्रोमेथिअस हे 2014 पासून चालणारं युक्रेनियन भाषेतलं व्यासपीठ त्यामुळे जास्त टिकाऊ आधार ठरलं. असे अभ्यासक्रम पदवीच्या श्रेयांकात धरायचे की नाही, हे शेवटी विद्यापीठानेच ठरवायचं असतं. ते धरले नाहीत तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त एक छान प्रमाणपत्र उरतं.

जिथे पडदा पुरत नाही

भौतिकशास्त्राचे काही प्रयोग पडद्यावर होतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशनं युक्रेनियन भाषेतही आहेत आणि डाउनलोड करून चालतात. पण टायट्रेशन करताना रंग बदलण्याच्या नेमक्या थेंबावर हात थांबणं, किंवा रुग्णाच्या पोटावर बोटं ठेवून सूज ओळखणं, हे पडद्यावर येत नाही.

भारतीय विद्यार्थ्यांना याची झळ थेट बसली. युक्रेनमधून परतलेल्या हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांचे तास ऑनलाइन चालू राहिले, पण नुसत्या ऑनलाइन प्रशिक्षणाला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता नव्हती. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने इतर देशांतल्या विद्यापीठांत जाऊन शिक्षण पुरं करायला हरकत नसल्याचं कळवलं. मार्च 2023 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना केंद्राने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतिम परीक्षेची एकदाच संधी दिली, आणि त्यापुढे दोन वर्षांची इंटर्नशिप. विद्यार्थ्यांना ते अन्यायाचं वाटलं, आणि त्यांची कोंडी खरी होती. तरीही रुग्ण न पाहता झालेल्या डॉक्टरबद्दल आयोगाला वाटलेली भीती मला खोटी ठरवता येत नाही.

आणि काही ठिकाणी पाचातला एकही दिवा पेटत नाही. गाझामध्ये विद्यापीठांच्या इमारती एकामागून एक पडल्या. इस्रा विद्यापीठाची इमारत जानेवारी 2024 मध्ये सुरुंग लावून उडवली गेली. तिथल्या विद्यार्थ्यांना वेस्ट बँकमधल्या बिरझेत आणि अन-नजाह विद्यापीठांनी दूरस्थ प्रवेश दिला. ई-सिमला सिग्नल मिळेल अशी जागा शोधत फिरायचं आणि कुणाच्या तरी सौर पॅनेलवर फोन चार्ज करायचा, अशी ती पदवी. सुदानमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये जवळजवळ अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद पडलं. अशा वेळी क्लाउडमधली प्रत सुरक्षित असते आणि वाचायला कुणी पोहोचत नाही.

व्याप्त भागातलं लॉगिन

सगळ्यात नाजूक प्रकरण शत्रूच्या ताब्यातल्या गावांचं. खेर्सोन मार्च 2022 पासून 11 नोव्हेंबर 2022 पर्यंत रशियाच्या ताब्यात होतं. मे महिन्यात तिथलं इंटरनेट क्रिमियामार्गे रशियन जाळ्यात वळवलं गेलं. म्हणजे लाइन चालू, वीज चालू, पण प्रत्येक पानाची मागणी परक्या हातातून जाणार. चौक्यांवर फोन तपासले जात. युक्रेनियन विद्यापीठाचं ॲप फोनमध्ये सापडणं धोक्याचं होतं.

अशा विद्यार्थ्यासाठी साधनाची कसोटीच उलटी होते. ॲप नको, ब्राउझर बरा, म्हणजे काम झाल्यावर इतिहास पुसता येतो. कॅमेरा बंद, आवाज बंद, पडद्यावर खरं नाव नको. तासाचं रेकॉर्डिंग करायचं तर त्यात कोण दिसतंय, कोणाच्या खिडकीतून काय दिसतंय, हे आधी पाहायचं. शेवटच्या तारखा लवचीक, हजेरी सक्तीची नाही.

मूडलमध्ये विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो: शेवटचा प्रवेश कधी झाला. एरवी तो आळशी मुलं पकडायला वापरतात. व्याप्त भागातल्या नावापुढे तिथे ‘41 दिवस’ दिसत असतील आणि एका सकाळी त्या जागी ‘6 तास’ आले, तर शिक्षकाला त्यातून कळतं ते अभ्यासाबद्दलचं नसतं. पण तो रकाना चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर तोच पुरावा होतो. म्हणून तो कोणाकोणाला दिसावा आणि त्यामागच्या नोंदी किती दिवसांनी पुसाव्यात, हे ठरवायला विद्यापीठाचा संगणक विभाग आणि शिक्षक एकत्र बसतात, आणि दोघांना तो रकाना वेगवेगळ्या कारणांसाठी हवा असतो.